सातपूरची पंचेचाळीस मिनिटं

बार्शी-नाशिक गाडी सकाळी सहाला सुटते, असं स्टँडवरच्या फलकावर लिहिलेलं होतं. मी हातातलं स्टॉपवॉच चालू केलं. गाडी हलली तेव्हा सहा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. कंडक्टरला मी तसं सांगितलंही.

"मावशी, एसटी हाय ही, इमान नव्हं," तो म्हणाला आणि तिकीट फाडून पुढं गेला.

माझा स्वभाव असा का, हे आधी सांगून टाकते. एकतीस वर्षं मी मुलींच्या शाळेत खेळ शिकवले आणि जिल्ह्यातल्या स्पर्धांमध्ये शेवटच्या रेषेवर वेळ घ्यायला उभी राहिले. आपली पोरगी दुसरी आली तरी पहिली आली असं शपथेवर सांगणारे आईबाप मी पाहिलेत. एक फेरी कमी पळून हात उंचावत येणारे पाहिलेत. त्यामुळे कुणी नुसतं "साधारण" म्हटलं तरी माझ्या मनात पाल चुकचुकते. निवृत्त झाले, पण ही खोड काही निवृत्त झाली नाही.

आणि याच खोडीपायी मेधानं, म्हणजे माझ्या लेकीनं, मला नाशिकला बोलावलं होतं. जावई सुधीरराव सिन्नरच्या एका कारखान्यात कायम नोकरीला आहेत. वय तेहेतीस. चार वर्षांपूर्वी पोट कमी करायला म्हणून पळायला लागले, ते पळतच सुटले. एकदा पूर्ण मॅरेथॉन तीन तास आणि वर काही मिनिटांत पुरी केली. आता त्यांच्या डोक्यात होतं की नोकरी सोडायची, दोन वर्षं फक्त पळायचं आणि सव्वादोन तासांत मॅरेथॉन मारायची. म्हणजे देशातल्या नावाजलेल्या धावपटूंच्या रांगेत जाऊन बसायचं. राजीनामा लिहून तयार होता. साप्ताहिक सुटीनंतर कामावर गेले की द्यायचा होता.

"आई, तू ये, बघ आणि खरं काय ते सांग," मेधा फोनवर म्हणाली. "मी काही बोलले की बायको घाबरते असं होतं."

नगरला डबा खाल्ला. संगमनेरच्या पुढं ऊन तिरकं झालं आणि सिन्नरला गाडी चहाला थांबली. शेजारच्या बाकावर कारखान्याचा निळा शर्ट घातलेला एक माणूस भजी खात बसला होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की इथं कायम नोकरी सोडतं का कुणी?

त्यानं भजं खाली ठेवलं. "परमनंट? माझी नऊ वर्षं झाली कंत्राटात. परमनंट माणूस इथं आजारी पडायला सुद्धा घाबरतो, ताई. कोण सोडतोय?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

नाशिक रोड, मग शहर, मग सातपूर. घरी पोचेपर्यंत तिन्हीसांजा झाल्या होत्या. सुधीररावांनी वाकून नमस्कार केला. माणूस गोड आहे, त्याबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. जेवताना त्यांनी भात वाटीनं मोजून घेतला आणि मोबाइल माझ्यापुढं धरला.

"आई, हे बघा. अंजनेरी फाटा ते सातपूर, बारा किलोमीटर. पंचेचाळीस मिनिटं! नोकरी करून एवढं होतं. नोकरी नसेल तर विचार करा."

मी विचार केला. पंचेचाळीस मिनिटं खरी असतील, तर माणूस हौशी राहिलेला नव्हता. आणि खरी नसतील, तर कुणीतरी या भल्या माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होतं. "तुमचा गुरू कोण?" मी विचारलं.

"अण्णा? गुरू नाहीत, आमच्या ग्रुपचे मोठे आहेत. उद्या भेटा ना."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला खाली भाजीचा पिकअप उभा होता. अण्णा म्हणजे साठीचे, गुडघ्यापर्यंत चड्डी आणि डोक्याला मफलर. गंगापूरच्या बाजूला त्यांची झेंडूची आणि कोथिंबिरीची शेती. मार्केटला माल उतरवायचा आणि रिकाम्या पिकअपमध्ये पळणारी मंडळी भरून त्र्यंबक रस्त्यानं वर सोडायची, हा त्यांचा नेम. मी पुढं त्यांच्याशेजारी बसले आणि चौकशीला सुरुवात केली. फी किती? नाही. बूट कुठल्या दुकानातून घ्यायला लावता? कुठल्याही. मग तुम्हाला यातून मिळतं काय?

"सकाळी माणसं भेटतात," अण्णा म्हणाले.

माझा विश्वास बसला नाही.

अंजनेरीचा डोंगर अंधारात नुसताच काळा दिसत होता. फाट्यावर (मुख्य रस्त्यावरून गावाकडे वाट फुटते ती जागा) चौदाजण उतरले. थंडी अशी, की माझे दात वाजत होते. अण्णांनी शिट्टी मारली, सगळ्यांनी मनगटावरची बटणं दाबली आणि मीही माझं दाबलं. सुधीरराव बघताबघता दिव्यांच्या उजेडापलीकडे गेले. सुरेख पळत होते. खांदे सैल, पाय हलके. खोटं का बोलू, माझ्या मनात आलं की पोरगा खरंच काही करून दाखवणार.

आम्ही पिकअपमधून मागोमाग निघालो. तीन किलोमीटरवर दुसरा फाटा आला आणि पाहते तर सुधीरराव उभे! कमरेवर हात, पाणी पीत. त्यांच्यामागून एकेक जण येत होता आणि थांबत होता. शेवटी बँकेतून निवृत्त झालेल्या एक कुलकर्णीबाई धापा टाकत पोचल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग शिट्टी झाली.

"हे काय?" मी विचारलं.

"आमच्यात मागच्याला सोडून जात नाहीत," अण्णा म्हणाले. "चार वर्षांमागं आमचा एकजण चक्कर येऊन रस्त्याकडेच्या चारीत पडला. आम्ही सगळे पुढं. तासभर कुणाला पत्ता नाही. वाचला, पण तवापासून ठरलं. दर फाट्याला शेवटचा माणूस येईस्तोवर थांबायचं."

"आणि घड्याळ?"

"ते थांबवतो ना. थांबल्याला काय पळणं म्हणायचं?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जो सगळ्यांत पुढं, तोच सगळ्यांत जास्त वेळ उभा राहणार. तीन किलोमीटर जीव तोडून पळायचं, पावणेआठ मिनिटं दम खायचा, पुन्हा तीन किलोमीटर. त्यात रस्ता शहराकडे उतरता. सातपूरला सुधीररावांच्या घड्याळात पंचेचाळीस मिनिटं होती. माझ्यात एक तास आठ मिनिटं.

कुणी फसवत नव्हतं. हेच मला जास्त अवघड गेलं. फसवणारा असता तर मी त्याची चामडी सोलली असती. इथं तर कुलकर्णीबाई मला गुळाचा चहा पाजत होत्या, आणि तो चहासुद्धा चांगला होता.

घरी येऊन मी दोन्ही घड्याळं जेवणाच्या टेबलावर ठेवली. सुधीररावांनी दोन्ही आकडे पाहिले. "पण आई, पळताना तर मी त्याच वेगानं पळालो ना?"

"पळालात. पण मॅरेथॉनला मध्ये कुणी येईपर्यंत थांबता येत नाही."

"सवय आहे म्हणून थांबतो. नाही थांबलो तरी तेवढाच वेळ लागेल." त्यांचा चेहरा उतरला होता, पण हट्ट उतरला नव्हता. मेधा आमच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी होती.

मग मला मंजुळा आठवली. पंचवीसेक वर्षांपूर्वी राज्य स्पर्धेत दहा हजार मीटरला मी तिची वेळ घेतली होती. हरसूलकडची मुलगी, पुढं राष्ट्रीय शिबिरापर्यंत गेली. दिवाळीला अजून फोन करते. म्हटलं, सुटीच्या दिवशी हरसूलला जाऊ. जी त्या रांगेपर्यंत पोचली तिनंच बघू दे.

त्र्यंबकहून पुढं आम्ही शेअर जीपनं गेलो. जीपवाला "भरली की निघू" म्हणाला. माझ्या हिशेबानं ती तीनदा भरली, तेव्हा निघाली. घाट उतरताना सागाची झाडं, शेतात रचून ठेवलेली नागली (आमच्याकडची नाचणी) आणि उतारावर तुरळक पाडे (आदिवासी वस्त्या) दिसत होते. हरसूलला बाजार भरला होता. सुकी मासळी, बांबूच्या टोपल्या, मिरच्यांचे ढीग. तिथल्या गर्दीत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. नवीन जोड घेताना दोन्ही डाव्या पायाच्या तर नाहीत ना, हे मी तीनदा पाहिलं. विकणारी बाई हसून लोटपोट झाली.

मंजुळा पंचायतीच्या कट्ट्यापाशी तिच्या स्कूटीवर बसून वाट बघत होती. केस पिकलेत, अंग तसंच काटक. "बाई! लय दिवस झालं. तुम्ही तशाच हाव, कपाळाला आठी," ती म्हणाली आणि माझ्या पाया पडली.

तिनं घरी नेऊन नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं (भाजलेल्या उडदाचं घट्ट वरण) वाढलं. सुधीरराव हात आखडून जेवले, कारण चार वाजता पळायचं होतं. दहा किलोमीटर, म्हणजे त्या पंचेचाळीसच्या वेगानं साडेसदतीस मिनिटं. पाड्याच्या फाट्यापर्यंत पाच, तिथून परत पाच. मी रेषेवर उभी राहणार आणि मंजुळा स्कूटीवरून मागे जाणार.

"मधी थांबायचं नाय हां," ती म्हणाली.

"नाही थांबणार," सुधीरराव म्हणाले.

ते निघाले. रस्त्यावर मी एकटी उरले. मला काय हवं होतं? खरं सांगते, उभं राहून राहून मी मनात म्हणत होते की ये बाबा छत्तीसमध्ये, मला खोटं पाड. एकतीस वर्षांत कुठल्याच खेळाडूसाठी मी असं म्हटलं नव्हतं. छत्तीस मिनिटं झाली, रस्ता रिकामा. अडतीस झाली. वळणावर ते दिसले तेव्हा खांदे कानांपर्यंत गेले होते. रेष ओलांडली आणि मी बटण दाबलं.

ते गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. मागून मंजुळानं स्कूटी आणली, पण ती उतरली नाही.

"फाट्यावर थांबला हा," ती हळू आवाजात मला म्हणाली. "एकदम उभा राहिला, मनगटाला हात लावला आन् मागं बघाया लागला. मागं कोण हाय? मीच. मी वरडले तवा पळाला."

सुधीररावांनी ऐकलं. "मला कळलंच नाही, आई," ते म्हणाले. "पाय आपोआप थांबले. मला वाटलं, कुलकर्णीकाकू यायच्या आहेत." ते हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. "किती?"

"एक्केचाळीस मिनिटं सहा सेकंद. थांबलात त्याचे पंधरा-वीस सेकंद वजा करा, हवं तर."

"नको," ते म्हणाले.

मंजुळा आता खाली उतरली. "भाऊ, राग नको धरू. मी अकरा वर्षांची व्हते तवापासून पळते. शिबिरात सकाळ-सांज पळायचं, दुपारी झोपायचं, दुसरं काम नाय. माझं पस्तीस मिनिटं व्हतं. बाईमाणूस असून पस्तीस. तरी मला घरी पाठवली. माझ्या म्होरं सहा पोरी व्हत्या." तिनं पदरानं स्कूटीचं सीट पुसलं. "तुझं पळणं चांगलं हाय. वाईट नाय. पण ती रांग येगळी. तिथं तेहेतिसाव्या वर्षी पोचत नाय."

"दोन वर्षं दिली तर?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं असं मला वाटतं.

"फार तर चार मिनिटं कमी व्हतील. मग पुढं?"

परतीच्या जीपमध्ये ते माझ्या शेजारी बसले. त्र्यंबक जवळ आलं तेव्हा म्हणाले, "आई, तुम्ही खरं सांगाल याची खात्री होती, म्हणून मीच आडवळणानं मेधाला सुचवलं होतं तुम्हाला बोलवायला. तिला वाटतं तिचीच कल्पना." मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या गाडीनं मी परत निघाले. मेधा स्टँडवर आली होती, तिनं सांगितलं की राजीनामा कपाटात आहे, फाडलेला नाही आणि दिलेलाही नाही. हेही मला पटलं. एका दिवसात स्वप्न फाडणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवला नसता. हौशी माणूस त्या रांगेत पोचतो का, असं मला कुणी विचारलं तर आता मी सांगेन की पोचत नाही, आणि हे सांगताना मला अजिबात आनंद होणार नाही.

सिन्नरच्या अलीकडे फोन वाजला. सुधीरराव कंपनीच्या बसमधून बोलत होते.

"आई, सकाळी गेलो होतो पळायला. एक तास नऊ."

"किती किलोमीटर?"

"तेच. अंजनेरी ते सातपूर."

"म्हणजे थांबलात सगळ्यांसाठी?"

"थांबलो ना. कुलकर्णीकाकूंना टाकून कसं जायचं? फक्त घड्याळ नाही थांबवलं."