खाटेजवळची परीक्षा

कार्बोलिक साबणाचा वास आला की मी अजूनही नांदेडच्या त्या जुन्या दवाखान्यात जाऊन उभा राहतो.

निजामाच्या राज्याची ती अखेरची वर्षं. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हैदराबादेत डॉक्टरकी शिकत होतो, उर्दूतून. तोवर परीक्षा म्हणजे पुस्तक घडाघडा म्हणून दाखवणं. त्या वर्षी आम्हाला कामाला नांदेडच्या दवाखान्यात धाडलं. तिथे नवे डॉक्टरसाहेब आले आणि म्हणाले, परीक्षा रोग्याच्या खाटेजवळ होईल. नापास झालो असतो तर वजिफा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्ती, बंद, आणि शिक्षणही.

माझ्या वाट्याला तोंडावर पदर ओढलेली एक बाळंतीण आली; खाटेशी फरशीवर तिची सासू लेकरू मांडीवर घेऊन बसलेली. मी पाठ केलेले प्रश्न विचारले. ती सासूकडे बघे, सासू भिंतीकडे. साहेब मागे उभे होते.

काही सुचेना, म्हणून मी सासूसमोर फरशीवरच बसलो. "मावशी, गाव कोणतं?"

"किनवटकडलं. तू कुणाचा रं?"

"लोह्याच्या शेतकऱ्याचा."

"मंग मघापासून तहसीलदारावानी काय दरडावून राहिला?"

पदराआड सून हसली. मग तीच हळूच बोलली, "दिवसाआड हीव भरून ताप येतो. पन लेकराला पाजू नको म्हनाल, म्हनून सांगितलं न्हाई."

"हिवताप दिसतो. औषध देऊ. बाळाला खुशाल पाजा."

"बस, पास," मागून साहेब म्हणाले.

तेव्हा मला फक्त तेवढंच ऐकू आलं होतं. आता मात्र आधी आठवते ती बाळंतीण. तिनं तोंडावरचा पदर सारला आणि सासूच्या मांडीवरचं लेकरू ओढूनच घेतलं.