आईच्या भिंतीवरचे डबे

अमरावतीला आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर आई मुलींना भाड्यानं ठेवते. कोणी अकोटची, कोणी तिवस्याची; सगळ्या स्पर्धा परीक्षांसाठी नाहीतर नोकरीच्या शोधात आलेल्या. आईचं फुलांचं दुकान आहे. भातकुलीहून मामाच्या शेतातला झेंडू येतो, त्याचे हार ओवून झाले की उरलेला दिवस ती या मुलींचा. मी अकोल्याला तंत्रनिकेतनात शिकवते, सुट्टी मिळाली की एसटीनं येते.

मुलींच्या आग्रहावरून आईनं इंटरनेट घेतलं. ते आलं खालच्या खोलीत. वर काही पोचेना. म्हणून एका रविवारी मी आणखी दोन डबे घेऊन गेले. भिंतीवर आधीचे दोन होतेच. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"इतके डबे काहून? एकानं भागत नाही का?"

या डब्यांमधला ‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न मी दर वर्षी परीक्षेत घालते. आईपुढे मात्र फळ्यावरची आकृती निरुपयोगी होती. मी तिचा हात धरला आणि वायरीवरून फिरवत नेला. रस्त्यावरून येणारी वायर ज्यात शिरते तो मोडेम. बाहेरचं इंटरनेट घरात आणणं एवढंच त्याचं काम. पुढचा राऊटर, घरातले सगळे फोन त्याच्याकडूनच इंटरनेट घेतात, आणि कोणी काय मागितलं ते ज्याचं त्याला तोच पोचवतो. तिथून एक वायर वर गेली. वर स्विच, म्हणजे एका वायरीच्या पाच वायरी, मुलींच्या टेबलांसाठी. आणि त्यातल्याच एका वायरीवर ॲक्सेस पॉइंट, ज्याच्यामुळे वरच्या खोल्यांत वायफाय मिळेल.

तिनं विचारलं, स्विचमधून एकीचं दुसरीला जातं का? मी म्हटलं, नाही, ज्याचं त्यालाच. पूर्वी हब नावाचा डबा असायचा, तो मात्र एकाकडून आलेलं सगळ्यांना पाठवायचा.

"मंग तो बरा गेला," आई म्हणाली. "असा माणूस घरात नाही पाह्यजे."

त्यानंतर तिचा नवाच छंद सुरू झाला. फोनवर आधी फुलांचे भाव, मग डब्यांच्या दिव्यांची खबर. मला हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर त्या फोनची मी वाटही बघायचे.

तिवस्याच्या मुलीची पुण्याच्या एका कंपनीत ऑनलाइन मुलाखत होती, त्या सकाळी आईचा फोन आला तेव्हा मी वर्गात निघाले होते. मागून मुलीच्या रडण्याचा आवाज येत होता. नेट गेलं होतं, आणि आमच्या गल्लीत मोबाईलची रेंज फोनवर बोलण्यापुरतीच, व्हिडिओ त्यावर चालत नाही. मुलगी सारखी राऊटर बंद-चालू करत होती. मी काही विचारायच्या आत आई म्हणाली, "वायफाय दिसते, राऊटर चांगला हाय. मोडेमवर लाल दिवा हाय. म्हणजे बाहेरचं तुटलं, होय ना?"

मी हो म्हटलं. तिनं फोन ठेवला.

पुढचं मला नंतर कळलं. आईनं मुलीचा लॅपटॉप काखेत मारला, तिला तोंड धुवायला लावलं आणि समोरच्या वकीलसाहेबांच्या घरी नेलं. त्यांची लाइन दुसऱ्या कंपनीची. घरातच त्यांचं ऑफिस, तिथं अशिलं बसलेली. आईनं दारातूनच सांगितलं, की पोरीची मुलाखत आहे आणि ही खोली पाहिजे. वकीलसाहेबांनी एकदा मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कागद उचलले आणि अशिलांना घेऊन अंगणात आले. आईनं सगळ्यांना चहा करून दिला आणि कोणी मोठ्यानं बोलू नये म्हणून तिथंच पायरीवर बसून राहिली. आमची वायर वानरांनी ओढून तोडली होती, हे दुपारी वायरमन आल्यावर कळलं.

ती नोकरी काही त्या मुलीला मिळाली नाही. दोन दिवस ती जेवायला खाली आली नाही, तेव्हा आईनंच ताट वर नेलं. पुढं तिला नागपूरला काम लागलं. जायच्या दिवशी ती आईच्या पाया पडली आणि मग वकीलसाहेबांच्या घरी जाऊन त्यांच्याही. ते बिचारे गडबडून गेले, मी काहीच केलं नाही म्हणाले.

परवा मी घरी गेले तर आई अकोटहून आलेल्या नव्या मुलीला भिंतीपाशी उभं करून समजावत होती. वरच्या खोल्यांत वायफाय स्विच देतो, असं तिनं चुकीचं सांगितलं. मी दारातच चपला काढत शेवटपर्यंत ऐकत उभी राहिले.