माळ्यावरचे बुवा

आमच्या हॉलमध्ये एक खुर्ची आहे. तिच्यावर माझ्या नवऱ्याशिवाय कुणी बसायचं नाही. दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर यावी म्हणून ती टेपने मोजून ठेवलेली आहे आणि झाडू मारताना जरा जरी सरकली, तरी यांचा रविवार नासतो. पाहुण्यांनी बसायचं सोफ्यावर, मी बसायचं डायनिंग टेबलाशी आणि सासूबाईंनी आतल्या खोलीत. यांच्या म्हणण्याप्रमाणे खरं गाणं फक्त त्या एका खुर्चीत पोचतं. बाकी घरभर जे येतं तो नुसता आवाज.

डोंबिवलीत होतो तोवर हे काही नव्हतं हो. तिथे मोबाइलवर गाणं लावून हे दाढी करायचे. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, आम्ही घोडबंदर रोडला टॉवरमध्ये आलो आणि यांना तबकड्यांचे डोहाळे लागले. आधी प्लेअर आला, मग त्याच्याखाली ठेवायची ग्रॅनाइटची लादी आली, कारण खालून जाणाऱ्या ट्रकांनी सुई थरथरते म्हणे. मग तबकड्या. नव्या नकोत, जुन्याच हव्यात, आणि त्यातही खरखरणाऱ्या. खरखरीत ऊब असते असं हे मला समजावतात. माझ्या कुकरच्या शिट्टीत मात्र ऊब नसते, ती झाली की 'अगं, रसभंग!' म्हणून हॉलमधून ओरडा येतो.

रविवारी सकाळी यांचं श्रवणमंडळ भरतं. मंडळ म्हणजे मुख्य माणसं तीनच. एक हे. दुसरे डोंबिवलीचे दंतवैद्य, जे तबकड्या पेशंटच्या दातांसारख्या बारीक ब्रशने घासून देतात. तिसरे कल्याणचे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांचा विषय होता अर्थशास्त्र, पण बोलतात फक्त घराण्यांवर. सकाळचा राग सकाळीच ऐकायचा, हा मंडळाचा कडक नियम. आता कल्याण-डोंबिवलीहून आमच्याकडे यायचं म्हणजे वाटेत माजिवड्याचा कायम तुंबलेला नाका लागणारच. म्हणून हे खुर्चीत बसून फोन करतात, 'कुठे पोचलात?' पलीकडून उत्तर येतं, 'माजिवड्यालाच आहोत अजून.' मग हे उसासा सोडून ललतची तबकडी पाकिटात घालतात आणि तोडीची काढतात. एकदा तर तिथे मेट्रोचे गर्डर टाकायचं काम निघालं, तेव्हा बिचाऱ्यांना थेट दुपारचा सारंग ऐकावा लागला. ठाण्यात कुठल्या वेळी कुठला राग गायचा ते शास्त्र नाही ठरवत, ट्रॅफिक हवालदार ठरवतो.

तर या मंडळाला एक दिवस बुवा सापडले.

झालं असं, की डोंबिवलीच्या घरातून आणलेल्या सासूबाईंच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या साडीत गुंडाळलेली एक तबकडी यांना मिळाली. मोठी, जेवणाच्या ताटाएवढी. मधला कागद दोन्ही बाजूंनी गायब. कोण गातंय, कुठली कंपनी, काही पत्ता नाही. ट्रंक वर्षानुवर्षं माळ्यावर होती, म्हणजे ठेव बाबांची, असा यांनी निष्कर्ष काढला. 'बाबा किती दर्दी होते बघ, आणि आम्हाला कधी कळू दिलं नाही!' म्हणत यांचे डोळे भरून आले. माझे सासरे रेडिओ लावायचे तो बातम्यांना, आणि गाणं सुरू झालं की उठून बंद करायचे. पण मेलेल्या माणसाला दर्दी व्हायला काय लागतं?

तबकडी लागली आणि मंडळ अवाक झालं. धीरगंभीर आवाज, खोल खर्ज, अति संथ तोडी. तबलासुद्धा ढाला, घुमणारा. दंतवैद्यांनी डोळे मिटले ते उघडेचनात. प्राध्यापक म्हणाले, 'ही विलंबित लय आज कुणाला झेपणार नाही. हा जुन्या तालमीचा, दरबारी थाटाचा पुरुषी आवाज आहे.' पुढे दर रविवारी बुवा वाजू लागले. बुवांना घराणं मिळालं, बुवांना गुरू मिळाले, बुवांनी तरुणपणी संन्यास घेतला असावा इथवर मजल गेली.

मला स्वतःला बुवा जरा कफ झाल्यासारखे वाटायचे. पण मला कोण विचारतो!

एका रविवारी मी आणि सासूबाई स्वयंपाकघरात मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. सासूबाईंचं एका कानाने ऐकणं पूर्ण गेलंय, दुसऱ्याला यंत्र आहे आणि तोही कान हळूहळू जाणार असं डॉक्टर स्पष्ट बोललेत. तो यंत्राचा कान हॉलच्या भिंतीकडे करून त्या बसलेल्या. बुवा तान घेत वर निघाले, तशा सासूबाई वाल हातात धरून म्हणाल्या, 'आता इथे दम तुटेल.' आणि खरोखर तुटला. हॉलमधून 'वाहवा! काय ठहराव!' असा गजर झाला.

'तुम्हाला कसं कळलं?' मी विचारलं.

'मलाच कळणार. मीच गायलेय ते.'

मला वाटलं, झालं, आता वय बोलायला लागलं. तसं माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण त्यांनी मला सणसणीत झापलं. 'अशी बघू नकोस. डोकं ठिकाणावर आहे माझं. ती चुकीच्या वेगाने लावलीय तुझ्या नवऱ्याने. मोठी तबकडी दिसली की हळू फिरवायची, छोटी असली की जोरात, एवढंच शिकलेत हे शहाणे. आमच्या कंपनीवाल्याने मुद्दाम मोठी काढून जोरात फिरणारी केली होती, आवाज चांगला उठतो म्हणून. कागदावर छापलं होतं तसं.'

'पण कागद कुठेय?'

'मीच भिजवून काढला.' त्या पुन्हा वाल सोलू लागल्या. 'लग्न झाल्यावर ह्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी ही तबकडी पाहिली आणि ह्यांना गाणारणीचे मिस्टर म्हणायला लागले. हे तोंडाने काही बोलले नाहीत. नुसतं जेवणावरून उठायचे. मग एके दिवशी मी पाण्यात भिजवून नाव काढून टाकलं, तबकडी ट्रंकेत ठेवली आणि तिच्याबरोबर गाणंही. कंपनी त्याआधीच बुडाली होती. आता आहे ती ही एकच.'

लग्न होऊन मी या घरात इतकी वर्षं आहे, आणि या बाईने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मला एकदम रागच आला, सासऱ्यांचा, यांचा, सगळ्यांचाच. मी म्हटलं, 'आई, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते.' तर त्यांनी माझा हात धरला.

'खबरदार! आता बुवा म्हणून डोळे मिटून ऐकतायत. बाई म्हटलं की छान, सुरेल म्हणतील आणि चहा मागतील. त्यापेक्षा जा, तो दातांचा डॉक्टर आत्ता काय म्हणाला ते नीट ऐकून ये.'

म्हणजे सासूबाई खुशीत होत्या! मग हा आमचा रविवारचा उद्योगच झाला. मी चहाचा ट्रे घेऊन हॉलमध्ये जायची, बुवांची स्तुती गोळा करून आत आणून द्यायची. प्राध्यापक 'पौरुष' म्हणाले, त्यावर सासूबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की ठसका लागला.

पण हसून झाल्यावर एकदा त्या म्हणाल्या, 'एकदा माझ्याच आवाजात ऐकायची होती गं. लग्नानंतर घरात तबकडी लावायचं यंत्रच नव्हतं. आता यंत्र आलं, तर कान चाललाय.'

मी यांना आडून विचारून पाहिलं, की ती तबकडी जरा जोरात फिरवून बघू या का. हे हसले. 'अगं, मोठी तबकडी तेहतीसच्या स्पीडचीच असते. स्पीड वाढवला तर बुवांची चिमणी होईल.' प्लेअरला हात लावायची मला बंदी आहे, आणि हे घरूनच काम करतात, त्यामुळे हे बाहेर गेले असं कधी होतच नाही.

त्यात मंडळाने घाट घातला. आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसात जाहीर श्रवणसत्र, प्राध्यापकांचं व्याख्यान, विषय 'पुरुषी खर्जाचा हरवलेला वारसा'. त्यानंतर तबकडी प्राध्यापक कल्याणला नेणार, तिचं डिजिटल करणार आणि 'अज्ञात बुवा' या नावाने कायमची इंटरनेटवर टाकणार. हे मी सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. एकदा नाव त्यांनी स्वतःच्या हाताने काढलं होतं. आता दुसरं कुणीतरी त्यावर दुसरं चिकटवणार होतं.

'तो वेगाचा खटका कुठे असतो गं?' त्यांनी विचारलं. मी मोबाइलवर प्लेअरचा फोटो मोठा करून दाखवला.

सत्राच्या सकाळी सासूबाईंनी नारायणपेठी काढली. क्लब हाउसात आमच्या आधी झुंबा होता, आमच्या नंतर कुणाच्या तरी वाढदिवसाचे फुगे लागायचे होते, मधल्या फटीत शास्त्रीय संगीत. तरी खुर्च्या बऱ्यापैकी भरल्या. हे पांढरे हातमोजे घालून प्लेअरच्या टेबलाशी उभे. प्राध्यापक बराच वेळ बोलले आणि शेवटी म्हणाले, 'स्त्रीकंठाला ही खोली साधत नाही, हे नम्रपणे नमूद करतो.' सासूबाई पहिल्या रांगेत कानातलं यंत्र चाचपत बसलेल्या. त्यांनी ते ऐकलं.

बुवा सुरू झाले. हॉलभर माना डोलू लागल्या आणि सासूबाई उठल्या. काठी टेकत टेबलाशी गेल्या. नवऱ्याच्या ठेव्याला नमस्कार करतायत असं समजून प्राध्यापकांनी 'या मातोश्री, या' म्हणत वाट करून दिली. दंतवैद्यांनी तर हात जोडले. सासूबाईंनी सरळ बोट घातलं आणि खटका फिरवला.

आवाज एकदम वर उचलला गेला. कफ गेला, तबला टणटणीत झाला आणि त्या स्पीकरांतून एक तरुण बाई गायला लागली. मोकळा, पाणीदार आवाज. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण एवढं कळलं, की ही माझ्या निम्म्या वयाची मुलगी आहे आणि तिला कुणाची भीती वाटत नाहीये.

'अहो, स्पीड! स्पीड चुकला!' दंतवैद्य धावले. यांचा हातमोजा खटक्याकडे गेला आणि तिथेच थांबला. कारण, हे मला नंतर म्हणाले, यांच्या लहानपणी पोळ्या लाटताना आई तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायची, पुढे कधीच जायची नाही. तीच ओळ स्पीकरमधून येत होती, आणि पुढे जात होती.

'आई?' हे म्हणाले.

सासूबाईंनी तोंडावर बोट ठेवलं. बरा कान स्पीकरला लावून त्या उभ्या राहिल्या, बाजू संपेपर्यंत. हे रडत होते. हातमोज्यांनीच डोळे पुसत होते. दम तुटला त्या जागी सासूबाईंनी स्वतःच स्वतःवर नाक मुरडलं.

संपल्यावर टाळ्या पडल्या. प्राध्यापक मात्र बसूनच. 'आवाज सुरेल आहे, छान आहे,' ते म्हणाले, 'पण माझ्या मते मूळ गती आधीचीच असावी. त्यात चिंतन होतं.'

'मास्तर,' सासूबाई म्हणाल्या, 'गाणारी मी. चिंतन कधी केलं तुम्ही?'

तेवढ्यात फुगेवाले आत शिरले. प्राध्यापकांनी निघताना चहा झाला का विचारलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, आम्ही दोघी हसलो.

घरी आल्यावर यांनी आईला हाताला धरून नेलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं. मग तिच्या कानाला बरं पडावं म्हणून ती टेपने मोजलेली खुर्ची स्वतः ढकलत एका स्पीकरला नेऊन टेकवली. तबकडी पुन्हा लावली, यावेळी खटका न विसरता. सासूबाई ऐकत राहिल्या. मध्येच म्हणाल्या, 'फार घाई केलीय मी. जरा दमाने घ्यायला हवं होतं.'

'का केलीस घाई?' यांनी विचारलं.

'साखरपुडा झाला होता. रेकॉर्डिंगच्या वेळी तुझे बाबा खाली घड्याळ बघत उभे होते.'

यांनी खटक्यावर बोट ठेवलं. मग हळूच विचारलं, 'थोडी हळू लावू का, आई?'

'नको,' त्या म्हणाल्या. 'घाईतली असू दे. माझी आहे.'