हुहाना आत्याच्या चाळीस वामा

शनिवारी माझ्या थोरल्या काकांच्या थडग्यावर बसवलेल्या दगडाचं अनावरण होतं. दोनशे पाहुणे येणार होते. आमच्या कुळाच्या सभाघराचं नाव तळ्यातल्या वामेवर, त्या सापासारख्या लांब मासळीवर, टिकलेलं. ती ताटात नसली तर पाहुणे तिथे काही बोलत नाहीत, परतताना गाडीत बोलतात.

हुहाना आत्या, काकांची धाकटी बहीण, नवव्या वर्षापासून वामा धरते. आता अडुसष्टची आहे. यंदाच्या चाळीस तिने तळ्याला मिळणाऱ्या झऱ्याच्या तोंडाशी लाकडी पेटीत जिवंत ठेवल्या होत्या. मी तळ्याचं पाणी तपासते, म्हणून त्यातली एक प्रयोगशाळेत पाठवली. गुरुवारी निकाल आला.

“बोल पोरी, चालतील?”

“मांस चालेल, आत्या. काळीज नाही. त्यात शेवाळाचं विष आहे.”

“म्हातारे डोकं-काळजाच्या रश्शासाठीच येतात. काळीज कुठंय विचारलं तर मांजरानं नेलं सांगू? सगळ्यांचं?”

मी निकालाचा कागद पुढे केला, तो तिने पाहिलाही नाही.

“आणि झरा बघ की, इतका नितळ, तळ दिसतोय!”

“याच पाण्यात नायट्रेट जास्त आहे, शेवाळ त्यावरच पोसतं. पावसाचं पाणी खडकातून झिरपून इथवर यायला साठेक वर्षं लागतात.”

ती बोटांवर मोजू लागली. “म्हणजे माझ्या बापानं जंगल तोडून कुरणं केली तेव्हाचं! विमानातून खत पडायचं, आम्ही खाली नाचायचो. मग भांडू कुणाशी? बापाशी? की गाईंशी? त्याही आपल्याच कुळाच्या ट्रस्टच्या!”

“आजच्या गाईंच्या शेणामुताचं अजून यायचंय, आत्या.”

“शिकायला गेलीस की मला वेडं करायला?”

शुक्रवारी तिने एक वाम चिरली. काळीज हातात धरून म्हणाली, “हे टाकू कुठे? तळ्यात?” मग पेटी उघडून उरलेल्या सोडून दिल्या.

शनिवारी डुकराचं मांस आणि रताळी वाढताना तिनेच सांगितलं, “वाम नाही. का ते मलाच धड कळलेलं नाही.”

पलीकडच्या तळ्यावरचे वृद्ध पाहुणे तामाती खाली मान घालून म्हणाले, “आमच्याकडे तीन वर्षांपूर्वीच संपल्या. गेल्या खेपेला तुम्हाला वाढली ती बाजारातली होती.”

“आणि मी त्या रश्शाची एवढी तारीफ केली!”

असं म्हणत आत्याने त्यांच्या ताटात आणखी दोन रताळी आदळली. रागाने की मायेने, विचारलं तर म्हणते, तिलाही माहीत नाही.