मागितली म्हणून दिलेली वाट

आमचा इओतेबा, माझा चुलतभाऊ, गावातला सगळ्यात ऐटबाज माणूस. ऐट का नसावी? आमचं बुआरिकी गाव बेटाच्या उत्तर टोकाला, बेटिओ बंदर पार दक्षिणेला, आणि मधलं पाणी खडकांनी भरलेलं. ओहोटीला भल्याभल्यांच्या होड्या अडकायच्या. याची सुरळीत जायची. चर्चचं छप्पर माडाआड गेलं की डावीकडे, अशा अकरा खुणा बापानं मरताना त्याच्या कानात सांगितलेल्या. बायकोलाही ठाऊक नव्हत्या. गाव त्याच्याच होडीतून बंदरावर जायचं, टोमणे सोसत. "सरकून बस गं, तुझ्या वजनानं तळ घासतोय!" असं मला, चारचौघांत!

एके दिवशी त्याचा मेहुणा ब्वेरेती आला. मी तिथंच मासे साफ करत होते.

"दाजी, बुबुती करतो. ती वाट मला द्या. आईला बंदरावरच्या दवाखान्यात न्यायला दर वेळी तुम्हाला कुठं त्रास देऊ?"

आपल्या माणसानं बुबुती करून मागितलं की आमच्यात अंगावरचा सदराही काढून देतात. नाही म्हणणाऱ्याला तोंड दाखवायला जागा नाही.

"होडी माग की रे मेल्या," इओतेबा म्हणाला.

"होडी नको, दाजी."

तीन दिवस शेजारी बसवून त्यानं अकराही खुणा शिकवल्या.

पंधरवड्यानं बघतो तर पाण्यात खांब! त्या अकराही वळणांवर लाल डबा टांगलेला. कुणा व्यापाऱ्याची मोठी मोटरबोट सुरू झाली, आणि सुकाणूवर कोण? ब्वेरेती. आई घरीच खोकत पडलेली.

गावच्या सभाघरात इओतेबा उठला.

"ब्वेरेती, आता मी बुबुती करतो. ते खांब उपट."

आम्हाला वाटलं, सापडला लेकाचा!

"खांब माझे कुठं, दाजी? शेठचे. माझी कोंबडी मागा, डुक्कर मागा, आत्ता देतो."

"वाट तुला दिली होती. शेठला नाही."

"मला दिली ना? मग माझी झाली."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. रीतीला धरून होतं ना बोलणं. इओतेबाची बायको, ब्वेरेतीची सख्खी बहीण, चटईचे धागे उपटत बसली. इओतेबा निघून गेला.

त्याची होडी आता पालथी पडलीय. परवा मी त्याच्यासाठी बंदरावरून तांदूळ आणला.

"कशानं गेलीस?"

खोटं कुठवर बोलणार? "त्याच्याच बोटीनं."

त्यानं पिशवी माझ्या हातात परत दिली आणि दाराचा पडदा सोडला. मी काय पोहत जाणार होते?