उजव्या सोंडेचा गणपती

आमच्या काचेच्या कंपनीची गोष्ट सांगताना मी एक प्रसंग नेहमी गाळते. तो गाळला की गोष्ट फार छान होते. माझे आप्पा मेंढ्या राखणाऱ्या घरातले. वडवणीच्या बाजारात देवांच्या तसबिरी मढवत बसायचे, तिथून काचेवर कोरीवकाम शिकले, मग लेक, म्हणजे मी, पुण्याहून डिझाईन शिकून आली आणि आज बीडला आमचं शोरूम आहे. लोक टाळ्या वाजवतात, मीही हसून घेते.

देवघराच्या भिंतीला लावायच्या काचेवर चित्र मागच्या बाजूनं कोरतात आणि रंगही मागूनच भरतात. समोरून काच गुळगुळीत राहते, पुसायला सोपी. म्हणून चित्र उलटं काढावं लागतं. आप्पा कुठलाही देव चहा पिता पिता उलटा काढायचे. मला त्याचं कौतुक होतं आणि रागही यायचा, कारण कंपनी वाढवायची तर एका माणसाच्या हातावर किती दिवस रेटणार? मी हट्टानं काचेवर चिकटवून कोरायचा चित्राचा साचा कापणारं मशीन आणलं. आप्पा एवढंच म्हणाले, "आण. पर काच कोरायच्या आधी मला एकदा दाखवत जा."

मशीनवरचं पहिलं मोठं काम कडा गावच्या एका पुढाऱ्याच्या नव्या बंगल्याचं होतं. पुरुषभर उंचीचा गणपती. तो मी आप्पांना मुद्दाम दाखवला नाही. त्यांच्यावाचून माझं अडत नाही हे मला सिद्ध करायचं होतं, आणि त्याच तोऱ्यात कॉम्प्युटरवर चित्र उलटं करून घ्यायचं राहिलं. कारखान्यात आम्ही मागूनच बघत होतो, त्यामुळं सगळं बरोबर दिसत होतं. सोनेरी रंग दिला, काच नेऊन बसवली, वर कापड टाकलं.

वास्तुशांतीच्या दिवशी कापड काढलं आणि गुरुजी बोलता बोलता थांबले. सोंड गणपतीच्या उजवीकडं वळलेली होती. उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक, आणि त्या घरात तर दिवसभर माणसांची वर्दळ. पुढाऱ्याच्या आईनं कपाळाला हात लावला.

"आप्पा, हे काय करून ठिवलं? एवढं सोवळं कोन पाळायचं?" पुढारी म्हणाला. माझ्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या लेखी काच म्हणजे आप्पा.

आप्पा नवी टोपी घालून आले होते. त्यांनी गणपतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि गप्प राहिले. बोलले ती मी. "आप्पांना आता नीट दिसत नाही हो. यापुढं आम्ही सगळं मशीनवरच करणार आहोत."

हे लिहितानाही लाज वाटते. खोटं बोलले ते बोलले, वर त्यातच जाहिरात उरकून घेतली.

आठ दिवसांत आप्पांनी दुसरी काच हातानं कोरून दिली, डाव्या सोंडेची. पुढारी खूश झाला. पण आप्पांच्या डोळ्यांची बातमी तोवर पसरली होती, आणि खरं सांगायचं तर ती पसरवायला मीही हातभार लावला. गिऱ्हाईक आलं की माझं तेच वाक्य ठरलेलं. कामं वाढत गेली. आप्पांनी हळूहळू कोरायचं सोडलं आणि गल्ल्यावर बसू लागले. पेपर ते आजही चष्म्याशिवाय वाचतात.

बापानं लेकीची चूक पोटात घातली, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घातली होती. गेल्या महिन्यात नव्या शोरूमची जागा बघायला आम्ही मांजरसुंब्याला गेलो होतो. ढाब्यावर चहा घेताना मला राहवलं नाही. म्हटलं, "आप्पा, कड्याला तुम्ही मला सांभाळून घेतलंत."

"सांभाळून न्हाई घेतलं," आप्पा म्हणाले. "आता खरं सांगशील, मग सांगशील म्हनून गप बसलतो. घरी येईस्तोवर वाट बघितली."

"आणि मग?"

"दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाला तू परत तेच सांगितलंस. मग म्या वाट बघायचं सोडलं."