डार्ला प्रुइटचं कॉलेज

आमच्या शाळेच्या ऑफिसातला फोन मी घेते, पण त्यावर पहिला हक्क डार्ला प्रुइटचा. सकाळी पर्स टेबलावर ठेवते न ठेवते तोच घंटी. "वँडा, कोल्टनने जॅकेट नेलंय का बघ गं." "वँडा, गणिताच्या बाईंना सांग, काल त्याचं डोकं दुखत होतं." पोरगा सोळा वर्षांचा, दारातून वाकून आत येणारा. बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा आणि तो घरी विसरायचा. मग ही चाऱ्याच्या दुकानातला गल्ला सोडून ट्रॉम्बोन घेऊन माझ्या खिडकीशी हजर. एवढं लांबलचक वाद्य माणूस विसरतो कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

वसंतात पुढच्या वर्षाचे विषय निवडायचे होते. इंग्रजीसाठी दोन वाटा. एपी घ्यायचं, म्हणजे आमच्याच शाळेत, आमच्याच बाई, पण कॉलेजात ते धरलं जाणार की नाही हे मे महिन्यातल्या एका परीक्षेवर. नाहीतर ड्युअल क्रेडिट, म्हणजे सकाळी गावातल्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन बसायचं. तिथे पास झालं की शाळेतही पास आणि कॉलेजातही.

"एका परीक्षेवर सगळं टांगून ठेवायचं?" डार्ला माझ्या खिडकीत कोपर टेकून म्हणाली. "त्याच दिवशी याचं पोट बिघडलं म्हणजे? त्यापेक्षा ड्युअल बरं. वर्षभर माझं लक्ष राहील."

"त्याला काय हवंय?" मी विचारलं.

शेजारी उभ्या कोल्टनने "ड्युअल" म्हटलं. इतक्या चटकन म्हटलं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

ऑगस्टात वर्ग सुरू झाले. पहिल्याच दिवशी डार्लाने कॉलेजच्या हिनोहोसा सरांना फोन लावला, आमचा कोल्टन कसा काय आहे म्हणून.

"बाई, इथे तो कॉलेजचा विद्यार्थी आहे," सर म्हणाले. "त्याचं त्याच्यापाशी. त्याने कागदावर सही करून दिली तरच मी तुमच्याशी बोलणार."

"अहो, सोळाचा आहे तो! त्याच्या मोज्यांच्या जोड्या अजून मी लावते!"

"मोज्यांबद्दल नियम नाही," सर म्हणाले.

कोल्टनने काही सही केली नाही. "आई, नको ना. माझं मी बघेन," एवढंच स्वयंपाकघरात म्हणाला. डार्लाने सरांना पेकनचे दाणे घालून भाजलेला गोड 'पाय' नेऊन दिला. डिश लख्ख घासून परत आली, आत बातमी काही नव्हती.

मग ती माझ्याकडे येऊन रडली. "वँडा, पोराचं काय चाललंय ते मला कळायचंच नाही का आता? मग मी करू तरी काय?" हसू ओठापर्यंत आलं होतं, ते मी गिळलं. नवरा तेलविहिरींवर, निम्मा महिना बाहेर. घरात ही आणि कोल्टन. तो गेला की ही आणि टीव्ही. मला फार वाईट वाटलं.

पण डार्ला ती डार्ला. नावनोंदणी अजून चालू होती. तिने त्याच वर्गात स्वतःचं नाव घातलं.

ती पहिल्या बाकावर, कोल्टन अगदी शेवटच्या. पोरगं महिनाभर टोपी नाकापर्यंत ओढून बसलं होतं म्हणे. पहिले निबंध तपासून आले, तेव्हा डार्ला मागे वळून त्याचा कागद बघायला गेली आणि तेवढ्यात तिचा तिच्या हातात पडला. सरांच्या लाल शाईने वरपासून खालपर्यंत भरलेला! दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही.

घाबरून कोल्टन सरांकडे गेला. "आईला किती पडले?"

"तिचं तिच्यापाशी," सर म्हणाले. "सही आण."

रात्री जेवताना त्याने सहीचा कागद आईपुढे सरकवला. "आई, मला फक्त मदत करायचीय."

"नाही देत सही! माझं मी बघेन."

"तोंडातून गेलं, वँडा," डार्ला मला सांगत होती, "आणि मग आठवलं, याच टेबलावर हे मी आधी ऐकलंय." हसता हसता तिने डोळे पुसले.

त्यानंतर माझा फोन गप्प झाला. लाइन चालू आहे ना, म्हणून मी दोनदा उचलून पाहिला.

दोघंही पास झाले. कुणाला किती, मला माहीत नाही. शेवटच्या वर्षासाठी कोल्टनने इंग्रजीला एपी घेतलं. एका घरातून एक जण कॉलेजात पुरे, म्हणाला.

"एपीच्या बाई तिला सगळं सांगतील हं," मी बजावलं.

"सांगू देत. तिला वेळ कुठाय?"

खरंच नव्हता. तिने पुढचा वर्ग घेतला होता.

परवा कोल्टन धापा टाकत खिडकीशी आला. "मिस वँडा, बाहेर जायचा पास द्या ना. आई निबंध टेबलावरच विसरून गेलीय, आज द्यायचाय तिला."

"असा नेऊन देत राहिलास तर ती विसरतच राहील," मी म्हटलं.

"माहितेय," तो म्हणाला आणि पाससाठी हात पुढे केला.